कोटीचा उंबरठा आणि खासगी गुंतवणूक

(सेवानिवृत्तीच्या उंबरठ्यावरील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणावरून)



शेअर बाजारात ज्यांची नोंद झालेली नाही अशा कंपन्यांत, अथवा अशा कंपन्यांना भांडवल पुरविणाऱ्या निधीत पैसा घालणे, याला आपण येथे खासगी गुंतवणूक म्हणू. काही काळापूर्वीपर्यंत हा प्रांत बड्या संस्थांचा आणि धनिकांचा मानला जाई. आज तेथे नव्या माणसांना प्रवेश मिळू लागला आहे. त्या प्रवेशाचा लाभ घ्यावा काय, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम पात्रता पाहू. ‘सेबी’च्या २०१२ च्या विनियमांप्रमाणे पर्यायी गुंतवणूक निधीत सामान्यतः किमान १ कोटी रुपये गुंतवावे लागतात. २०२१ मध्ये सेबीने ‘अधिस्वीकृत गुंतवणूकदार’ हा नवा वर्ग निर्माण केला. ज्या व्यक्तीचे वार्षिक उत्पन्न २ कोटी रुपये आहे, किंवा निव्वळ मालमत्ता साडेसात कोटी असून तिचा निम्मा भाग वित्तीय स्वरूपाचा आहे, तिला अशी अधिस्वीकृती मिळू शकते आणि मग १ कोटीची किमान मर्यादा तिला लागू राहत नाही. आपल्या सभेत असे गृहस्थ फार नसावेत. परंतु कोटीचा उंबरठा मात्र आता पुष्कळांच्या आवाक्यात आला आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार मिळणारा मोबदला, समृद्धी महामार्गासाठी झालेली जमिनींची थेट खरेदी, शहरालगतच्या शेतीला आलेला भाव, यांमुळे ज्या घरात कधी लाखाची ठेव नव्हती त्या घराच्या खात्यात एका दिवसात कोटी जमा झाल्याची उदाहरणे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

पात्रतेचा अर्थ पुष्कळदा उलटा लावला जातो. शासनाने पात्र ठरविले म्हणजे गुंतवणूक योग्य ठरविली, असे मुळीच नाही. बुडाले तर हा मनुष्य रस्त्यावर येणार नाही, एवढाच या निकषाचा अर्थ. त्याला व्यवहार समजतो की नाही, हे निकष विचारीत नाही. अमेरिकेत १९८२ पासून २ लाख डॉलर उत्पन्न किंवा १० लाख डॉलर मालमत्ता ही कसोटी आहे. आकडे तेच राहिले, महागाई वाढली, आणि श्रीमंत न होताच कितीतरी कुटुंबे पात्र ठरली. २०२० साली तेथे ठराविक व्यावसायिक परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना धारण करणाऱ्यांनाही प्रवेश दिला गेला. ज्ञानाची दखल उशिराने का होईना, घेतली गेली.

आता हिशेब. हा पैसा अडकून पडतो. बहुतेक निधींची मुदत ७ ते १० वर्षांची असते. मुलीचे लग्न, आजारपण, घराची डागडुजी, यांपैकी कशासाठीही तो मध्येच हमखास काढता येत नाही. वार्षिक २ टक्के व्यवस्थापन शुल्क धरले तरी १ कोटीवर १० वर्षांत २० लाखांपर्यंत रक्कम जाते. शिवाय ठरलेल्या परताव्यापलीकडील नफ्याचा पाचवा हिस्सा व्यवस्थापकाने घेण्याची प्रथा आहे. दर्जेदार निधींकडे जुन्या गुंतवणूकदारांचीच रांग असते. मग नवख्याच्या दारी कोण येते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

जाणकार सांगतात की, अशा गुंतवणुकीत संपत्तीचा लहानसा भागच घालावा. सल्ला उत्तम, परंतु ज्याच्याजवळ सर्व मिळून दीड कोटी आहेत त्याने १ कोटीचा ‘लहानसा भाग’ कोठून आणावा? उंबरठाच त्याच्या घराएवढा उंच आहे. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: १ कोटी हा आपल्या संपत्तीचा दहावा हिस्सा नसेल, तर पात्र असूनही बाहेर राहावे.

मात्र खासगी गुंतवणूक सर्वथा त्याज्य, असे मी म्हणणार नाही. पुण्याजवळील मगरपट्ट्याच्या १२० हून अधिक शेतकरी कुटुंबांनी जमिनी विकून मोकळे होण्याऐवजी चारशेहून अधिक एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. तीही बाजाराबाहेरचीच गुंतवणूक. पण तेथे मालमत्ता डोळ्यांसमोर होती, भागीदार पिढ्यान्‌पिढ्यांचे शेजारी होते आणि कारभार कोणाच्या हाती आहे हे प्रत्येकास ठाऊक होते. दूरच्या शहरातील अपरिचित कंपनीच्या माहितीपत्रकात यांतले काय असते?

अधिकारी व शिक्षक मंडळींनी आणखी एक ध्यानात ठेवावे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या वर्तणूक नियमांत सट्ट्यास मनाई आहे, आणि ज्या व्यवसायाशी आपल्या पदाचा संबंध येतो त्यात कुटुंबीयांच्या नावे पैसा घालणेही अडचणीचे ठरते.

पंचायत सदस्यांसाठी शेवटची गोष्ट. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार खासगी वाटपाचा प्रस्ताव एका आर्थिक वर्षात २०० हून अधिक व्यक्तींना देता येत नाही. पात्र संस्था व कर्मचारी यांत मोजले जात नाहीत. पूर्वीच्या कायद्यात ही सीमा ५० व्यक्तींची होती. सहारा समूहातील दोन कंपन्यांनी खासगी वाटप म्हणवून सुमारे ३ कोटी लोकांकडून पैसा गोळा केला. ३१ ऑगस्ट २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २४ हजार कोटींहून अधिक रक्कम १५ टक्के व्याजासह परत करण्याचा आदेश दिला. तेव्हा गावात कोणी ध्वनिक्षेपक लावून ‘खासगी’ गुंतवणुकीची सभा भरवू लागला आणि त्यासाठी ग्रामपंचायतीचे सभागृह मागू लागला, तर भाडे ठरविण्याआधी त्याच्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक मागावा, आणि तो क्रमांक सेबीच्या यादीत स्वतः पडताळून पाहावा.