एकट्याची वाट आणि तिची किंमत

एकट्याचा प्रवास माणसाला बदलतो, कारण वाटेत त्याला परक्यांच्या अन्नावर आणि विश्वासावर जगावे लागते. धर्मानंद कोसंबी १८९९ साली बुद्धाच्या ओढीने गोव्यातून एकटेच निघाले. काशीत अन्नछत्रात जेवून ते संस्कृत शिकले. नेपाळात त्यांची निराशा झाली. १९०२ साली श्रीलंकेत पाली शिकू लागले. परंतु हा पंडित ग्रंथांत रमून राहिला नाही. पुढे अमेरिकेत त्यांना समाजवादाची ओळख झाली, १९३० साली ते मिठाच्या सत्याग्रहात उतरले आणि परळच्या कामगारवस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला.

मात्र या वाटचालीची किंमत मागे राहिलेल्या पत्नीने, तान्ह्या मुलीसह, मोजली. तिला असे निघण्याची मुभा नव्हती. ती मुभा प्रत्येक स्त्रीला, प्रत्येक श्रमिकाला मिळेपर्यंत समाजवाद्यांचे काम अपुरेच आहे.