पांढरा गाळ

आज पदवी घेणाऱ्या माझ्या मुलामुलींनो,

तुमच्यापैकी पुष्कळांनी शेवटच्या वर्षाला संशोधन प्रकल्प केला. काहींनी तो विद्यापीठाच्या ‘आविष्कार’ स्पर्धेत नेला आणि पोस्टरशेजारी उभं राहून परीक्षकांच्या प्रश्नांना तोंड दिलं. बाकीच्यांचा प्रकल्प बाइंडिंग होऊन विभागाच्या कपाटात गेला. आज मला त्या कपाटाविषयीच बोलायचं आहे. सुरुवात एका जुन्या प्रबंधापासून करते.

1865 साली कल्याणात एक मुलगी जन्मली. माहेरचं नाव यमुना, लग्नानंतर आनंदीबाई जोशी. चौदाव्या वर्षी तिला मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. पुढे ती समुद्र ओलांडून पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात पोहोचली. 1886 साली एम.डी. झाली, तेव्हा तिच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. त्यासाठी तिने आयुर्वेदाचे ग्रंथही वापरले आणि अमेरिकेतली वैद्यकाची पाठ्यपुस्तकंही. ‘आविष्कार’मध्ये सहा गट असतात. तिने अर्ज भरला असता, तर आपण तिला कुठल्या गटात घातलं असतं? वैद्यकात, की भाषा आणि मानव्यविद्येत? मला याचं उत्तर देता येत नाही, आणि म्हणूनच तो प्रबंध मला इतका मोलाचा वाटतो. विषयांची यादी पुढे ठेवून तिने त्यातला एक निवडला असेल, असं मला वाटत नाही. प्रसूतीचा तो प्रश्न तिने कल्याणच्या घरातून सोबत नेला असणार.

असे प्रश्न आपल्या पायाखाली आजही आहेत. ठाण्याच्या खाडीला 2022 साली रामसर दर्जा मिळाला. प्राणिशास्त्राची मुलं तिथे ओहोटीला जातात, चिखल अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीवर धुतात आणि वर राहिलेले किडे मोजतात. फार मेहनतीचं काम आहे ते. पण खाडीतून निवटी मासळी कधी कमी झाली, बोय कुठल्या महिन्यात आत येत असे, हे तिथल्या कोळी-आगरी आजीला विचारायला मराठीची विद्यार्थिनी हवी. आजी ज्या शब्दांत सांगेल ते शब्द चाळणीवर राहत नाहीत. आणि आजीने सांगितलेलं तपासायला चाळणी लागतेच. डोंबिवलीच्या आसपासच्या गावांत लग्नात धवला गाणारी धवलारीण अजून भेटते. ती गाते ते आज टिपून घेतलं नाही, तर पुढच्या पिढीला त्याबद्दल नुसतं ऐकून माहीत असेल. चिखल धुणारा आणि शब्द टिपणारा, हे दोन प्रकल्प एकमेकांच्या शेजारी बसून व्हावेत, असं मला मनापासून वाटतं.

आता माझ्याबद्दल. विद्यार्थिदशेत मी वालधुनी नदीच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजत असे. अंबरनाथचं शिवमंदिर याच नदीकाठी उभं आहे, त्यातला शिलालेख शके 982 चा. मंदिरापासून कल्याणच्या वालधुनी पुलापर्यंत ठिकठिकाणी मी नमुने घ्यायची. तीनशे मिलीची बाटली, आत एकही बुडबुडा राहता कामा नये. पिपेटचं टोक पाण्यात बुडवून आधी मँगनीज सल्फेट सोडायचं, मग अल्कली-आयोडाइड. पाण्यात ऑक्सिजन असेल तर गाळ तपकिरी होतो, नसेल तर पांढराच राहतो. पुलाखालच्या बाटलीत तो पांढरा राहिला. मी बाटली उलटसुलट हलवली, वाट पाहिली, पुन्हा नमुना घेतला. तरी पांढराच. पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या त्या बाटल्या छातीशी धरून संध्याकाळच्या लोकलने मी घरी आले.

माझ्या मार्गदर्शकांचं म्हणणं पडलं, शून्य बरं दिसत नाही, रसायनं जुनी असतील. मी ते ठिकाण तक्त्यातून काढून टाकलं. उरलेल्या आकड्यांचा आलेख सुरेख आला आणि गुणही चांगले मिळाले. नदी तिथे गुदमरली होती आणि ते लिहून ठेवायची संधी माझ्या हातात होती. मी ती घालवली. त्या वर्षी त्या पुलाखाली पाणी कसं होतं, हे माझ्या प्रबंधातून कुणालाही कळणार नाही. याचं दुःख मला आजही आहे.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. तुमच्या प्रकल्पात जे बसलं नाही, ते फेकू नका. मुलाखतीत मध्येच गप्प झालेली बाई, आलेखाबाहेर पडलेला ठिपका, दोनदा करून दोनदा फसलेला प्रयोग, सगळं तारीख घालून वहीत ठेवा. नोकरी लागेल, घर बदलेल, ती वही सोबत न्या. आणि आज घरी जायच्या आधी विभागात जाऊन आपल्या प्रबंधाची एक प्रत घ्या आणि ती ग्रंथालयाला द्या. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून आणि कल्याणचं सार्वजनिक वाचनालय 1864 पासून उभं आहे, ते लोकांनी पुस्तकं जपली म्हणून. आपल्याच गावाची मुलांनी केलेली मोजदाद कुलुपात का राहावी?

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी वालधुनी पुलावर असेन. बाटल्या माझ्याकडे आहेत, रसायनं या वेळी ताजी बनवली आहेत. ज्यांना यायचं असेल त्यांनी जुन्या चपला घालून या. मराठीच्या आणि इतिहासाच्या मुलांनीही या, काठावरच्या चाळींतल्या म्हाताऱ्या माणसांशी बोलायचं आहे. गाळाचा रंग जो येईल, तो आपण लिहून ठेवू.