परकी आज्ञावली आणि संगणकाचा पहारा

(ठाणाकुशनूर येथे संगणक-टंकलेखनाचे विद्यार्थी, कार्यालयीन लिपिक व दस्तलेखक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या गावाच्या नावातच ‘ठाणा’ हा शब्द आहे. ठाणे म्हणजे पहाऱ्याची जागा. आल्यागेल्याला तेथे थांबवावयाचे, नावगाव विचारावयाचे, कोणाकडून आला याची चौकशी करावयाची आणि मग वाट मोकळी करून द्यावयाची, हे ठाण्याचे काम. आज ज्या विषयावर बोलण्यासाठी आपण मला पाचारण केले, तो विषयही अशाच एका ठाण्याचा आहे. हे ठाणे आपल्या टेबलावरील संगणकात बसविलेले असते, आणि तेथे अडविला जाणारा वाटसरू म्हणजे आपण बाहेरून आणलेली एखादी आज्ञावली होय.

प्रसंग आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. टंकलेखनाची एखादी आज्ञावली आपण महाजालावरून उतरवून घेतो, तिच्यावर दोनदा टिचकी मारतो, आणि पडद्यावर निळी पाटी उभी राहते. विंडोजने आपल्या संगणकाचे रक्षण केले आहे, असे ती सांगते आणि ‘चालवू नका’ एवढेच एक बटण ठळकपणे पुढे करते. अशा वेळी आपल्यापैकी काहीजण बिचकून माघार घेतात व मराठीचे काम रोमन अक्षरांत उरकतात. इतर काहीजण गावातील एखाद्या जाणकार तरुणास बोलावतात. तो येतो, सगळे पहारे बंद करतो, आज्ञावली बसवून देतो, चहा घेतो आणि जातो. पहारे मात्र बंदच राहतात. या दोन्ही वाटा मला चुकीच्या वाटतात. त्या का चुकीच्या आहेत, हे सांगण्यासाठीच मी येथे उभा आहे.

प्रथम हे मान्य केले पाहिजे, की या भागात बाहेरची आज्ञावली आणणे ही हौसेची बाब नाही. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बीदर जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात आला. घरात मराठी, कचेरीत कानडी, जुन्या दस्तऐवजांत उर्दू, आणि बाजारहाट सीमेपलीकडच्या उदगीरशी, असा आपला व्यवहार आहे. येथील दस्तलेखकाच्या टेबलावर एकाच दिवशी तीन लिप्या येऊ शकतात. त्यासाठी जी साधने आपण वापरीत आलो, ती संगणकाबरोबर आलेली नव्हती. कानडीसाठी ‘नुडी’, १९९८ साली निघालेले ‘बरह’, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची ‘श्री-लिपी’, पुण्याच्याच सी-डॅक या संस्थेची ‘आयएसएम’ ही सर्व संगणकाच्या दृष्टीने परकी मंडळी. ज्याने यंत्रप्रणाली घडविली तो एक पक्ष, आपण वापरणारे दुसरा पक्ष, आणि ही साधने बनविणारे तिसरा पक्ष. भारतीय भाषांचा संगणकावरील संसार प्रारंभीच्या काळात बव्हंशी या तिसऱ्या पक्षानेच उभा केला, ही गोष्ट परकेपणाची भीती बाळगताना विसरू नये.

तथापि आज परिस्थिती पुष्कळ पालटली आहे, आणि म्हणून पहिला प्रश्न आपण स्वतःलाच विचारावयाचा: बाहेरून काही आणण्याची खरोखरच आवश्यकता आहे काय? इन्स्क्रिप्ट ही कळफलकाची प्रमाण मांडणी १९८६ साली ठरली. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्थान मिळाले. विंडोज २००० पासून देवनागरीची सोय यंत्रप्रणालीतच होऊ लागली, आणि २०१९ मध्ये उच्चारानुसारी मराठी कळफलकही विंडोज १० मध्ये आला. ज्यांनी आजच शिकण्यास सुरुवात केली आहे त्यांनी इन्स्क्रिप्ट शिकावे. त्यांना ठाण्यापुढे उभे राहण्याची वेळच येणार नाही. कानडीचा कळफलकही याच मांडणीवर आधारलेला असल्यामुळे, एका लिपीत बसलेला हात दुसरीतही फारसा अडखळत नाही. आपल्यासारख्या दुभाषी मुलुखाला हा लाभ लहान नव्हे.

परंतु ज्यांनी वीस-वीस वर्षे रेमिंग्टन मांडणीवर हात बसविला, त्यांना “आता नव्याने शिका” असे सांगणे सोपे आहे. त्यांचे पोट त्या बोटांवर चालते. रेमिंग्टनची मराठी मांडणी विंडोजमध्ये उपजत नाही. तसेच जुन्या फाँटांत साठविलेली हजारो पाने युनिकोडमध्ये आणावयाची, तर त्यासाठीही वेगळी आज्ञावली लागते. ही गरज खरी आहे. ती भागविण्यासाठी ठाण्यावरून वाट काढावीच लागते, आणि ती रीतसर काढता येते.

आता हा पहारेकरी नेमके काय विचारतो, ते पाहू. आज्ञावली चांगली की वाईट, हे तो अंतःकरणात शिरून वाचू शकत नाही. तो पाहतो त्या बाहेरच्या खुणा. फाईल महाजालावरून आली असल्यास ब्राउझर तिच्यावर तशी एक अदृश्य चिठ्ठी चिकटवितो. ती चिठ्ठी दिसली, की पहारेकरी विचारतो: तुझ्यावर कर्त्याची अंकीय स्वाक्षरी आहे काय? आणि तुला आजवर किती लोकांनी आपल्या घरात घेतले आहे? विंडोजमध्ये ‘स्मार्टस्क्रीन’ या नावाची ही व्यवस्था २०१२ च्या विंडोज ८ पासून थेट यंत्रप्रणालीत आली. मराठीसाठी एकट्याने झटून एखादे साधन तयार करणारा माणूस बहुधा येथेच अडतो. स्वाक्षरीचे प्रमाणपत्र विकत घ्यावे लागते व मुदत संपताच त्याचे नूतनीकरण करावे लागते. शिवाय त्याचे साधन वापरणारे लोकही मोजकेच असतात. म्हणजे निळी पाटी “हा चोर आहे” असे म्हणत नाही. “मी याला ओळखत नाही” एवढेच ती म्हणते. या दोन वाक्यांतील अंतर ज्याला कळले, त्याला आजच्या भाषणातील निम्मे समजले.

याची दुसरी बाजूही आहे. ओळखीचा म्हणून आत घेतलेला पाहुणा नेहमी निर्दोष असतोच असे नाही. मार्च २०१६ मध्ये ‘ट्रान्समिशन’ नावाच्या आज्ञावलीच्या अधिकृत संकेतस्थळावरच कोणीतरी दूषित प्रत ठेवली. मॅक संगणकाच्या पहाऱ्याने ती आत जाऊ दिली, कारण तिच्यावर वैध स्वाक्षरी होती. ती स्वाक्षरी मात्र नेहमीच्या कर्त्याची नव्हती, भलत्याच नावाची होती. आत शिरल्यावर तीन दिवस ती प्रत गप्प बसली आणि मग फायलींना कुलपे घालून खंडणी मागू लागली. पुढच्याच वर्षी, २०१७ मध्ये, ‘सीक्लीनर’ या लोकप्रिय आज्ञावलीची दूषित आवृत्ती खुद्द कर्त्याच्याच स्वाक्षरीनिशी बाहेर पडली आणि २२ लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचली. तेव्हा स्वाक्षरी आहे एवढ्यावर न थांबता ती कोणाची आहे, हे नाव वाचण्याची सवय लावावी. फाईलवर उजवी टिचकी मारून ‘प्रॉपर्टीज’ उघडले, की स्वाक्षरी असल्यास ती तेथे दिसते.

आपल्याकडील एक रीत मला विशेष काळजीची वाटते. महाजालाची गती मंद, म्हणून कोणी उदगीरहून, कोणी बीदरहून आज्ञावली पेनड्राइव्हवर घालून आणतो. ती बसविताना निळी पाटी येत नाही, आणि आपण समजतो की ही प्रत निर्धोक आहे. खरे कारण निराळे आहे. पेनड्राइव्हवर सामान्यतः जी जुनी मांडणी असते, तिच्यात ती अदृश्य चिठ्ठी साठविण्याची सोयच नसते. फाईल पेनड्राइव्हवर गेली की चिठ्ठी गळून पडते, आणि चिठ्ठी नसलेल्याला स्मार्टस्क्रीन हटकत नाही. म्हणजे जी प्रत दहा हातांतून फिरून आली, तिलाच पहिला पहारा विचारीत नाही! अर्थात बीदरच्या किल्ल्यात शर्जा दरवाजा ओलांडला तरी पुढे गुंबद दरवाजा आहेच. त्याप्रमाणे आज्ञावली यंत्रात मूलभूत बदल करू लागली, की विंडोज दुसऱ्यांदा अडवून आपली अनुमती मागते. तेथे कर्ता अज्ञात असल्यास पाटीवर पिवळा पट्टा दिसतो. हा दरवाजा २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून आहे. त्याच्यापुढे न वाचता ‘होय’ म्हणण्याची आपल्याला इतकी सवय जडली आहे, की तो असून नसल्यासारखा झाला आहे.

मग करावे काय? जुन्या वाड्याच्या भव्य दरवाजात एक लहान दिंडी असते. एका माणसाला आत घ्यावयाचे असेल, तर कोणी शहाणा मनुष्य संपूर्ण दरवाजा उघडीत नाही; दिंडी उघडतो, माणूस वाकून आत येतो, आणि दिंडी पुन्हा लागते. संगणकातही अशी दिंडी ठेवलेली आहे. आज्ञावली मूळ कर्त्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यावी. कर्त्याने फाईलचा अंकीय ठसा दिलेला असल्यास तो ताडून पाहावा. विंडोजमध्येच ‘सर्टयुटिल’ नावाची आज्ञा आहे, ती हा चौसष्ट चिन्हांचा ठसा काढून देते. एक अक्षर जरी निराळे आले, तरी ती प्रत टाकून द्यावी. सर्व जुळल्यानंतर निळ्या पाटीवरील ‘अधिक माहिती’ या शब्दांवर टिचकी मारली, की ‘तरीही चालवा’ हे दुसरे बटण प्रकट होते. ही अनुमती त्या एका फाईलपुरती असते. सगळा पहारा जागच्या जागी राहतो. मॅकवर अशीच तजवीज आहे. तेथे पूर्वी कंट्रोलची कळ दाबून फाईल उघडता येत असे. २०२४ च्या सेक्वोया आवृत्तीपासून ती वाट बंद झाली असून, सेटिंग्जमधील गोपनीयता व सुरक्षा या विभागात जाऊन अनुमती द्यावी लागते. हा वळसा त्रासदायक आहे, परंतु वळसा घेताना माणूस विचार करतो, हाच त्याचा हेतू असावा. काही नव्या यंत्रांत विंडोज ‘एस’ नावाच्या अवस्थेत येते. तेथे मायक्रोसॉफ्टच्या दुकानाबाहेरचे काहीच चालत नाही. त्या अवस्थेतून बाहेर पडण्यास मूल्य लागत नाही, परंतु परत फिरता येत नाही, हे ध्यानात घेऊनच ते पाऊल उचलावे.

मात्र एक मर्यादा निश्चित समजावी. विषाणुरोधक आज्ञावलीने विषाणूचे नाव घेऊन फाईल पकडली, तर तेथे दिंडी शोधू नये. अशी पकड क्वचित चुकीची असते, हे खरे. पण ते ठरविणे जाणत्याचे काम आहे. विशेषतः विकत घ्यावयाची आज्ञावली फुकट चालविण्यासाठी जी ‘क्रॅक’ फिरत असते, तिच्यासोबत सूचना असते: प्रथम विषाणुरोधक बंद करा. चोराने येऊन घरधन्याला कुत्रा बांधून ठेवण्यास सांगावे, तसे हे आहे. त्या साधनांवर ज्यांनी वर्षानुवर्षे श्रम केले त्यांचा मोबदला बुडतो, ही गोष्ट तर वेगळीच.

हे मी उपदेशकाच्या आसनावरून बोलत नाही. काही वर्षांपूर्वी जुन्या फाँटांतील मजकूर पालटण्यासाठी मी एक आज्ञावली कोणाकडून तरी पेनड्राइव्हवर घेतली, ती चालेना म्हणून विषाणुरोधक बंद केले, आणि काम झाल्याच्या आनंदात ते पुन्हा चालू करण्यास विसरलो. तीन आठवड्यांनी एका सकाळी पत्रव्यवहाराच्या फायली उघडेनात. बऱ्याचशा मजकुराची प्रत दुसऱ्या तबकडीवर होती म्हणून निभावले. सहा महिन्यांची पत्रे मात्र कायमची गेली. त्यांत एका वृद्ध शेतकऱ्याच्या वारसनोंदीचा मजकूर होता. त्यांना पुन्हा एकदा सगळे कागद घेऊन यावे लागले. ते काही बोलले नाहीत, त्यामुळे मला अधिकच लाज वाटली.

कचेरीत काम करणाऱ्यांसाठी दोन शब्द. तेथील यंत्र आपले नसते. त्यातील कागद तर लोकांचे असतात. प्रशासकाचा परवलीचा शब्द आपल्याला दिलेला नसेल, तर तो नाही हीच तेथील व्यवस्था समजावी आणि आज्ञावलीची मागणी लेखी करावी. विलंब होतो, हे मी जाणतो. घरी किंवा दुकानात यंत्र स्वतःचे असले, तरी रोजच्या कामासाठी साधे खाते आणि बसवाबसवीसाठी प्रशासकाचे वेगळे खाते ठेवावे. तसेच विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. अशा यंत्राच्या तटबंदीत सापडणारी नवी भगदाडे पूर्वीसारखी बुजविली जात नाहीत, म्हणून त्यावर परकी आज्ञावली बसविताना अधिकच जपावे. विषय संगणकाचा असला तरी जाता जाता सांगतो: दूरध्वनीवर लग्नपत्रिका म्हणून आलेली फाईल जर काही ‘बसविण्याची’ अनुमती मागू लागली, तर ती पत्रिका नव्हे. पत्रिका वाचावयाची असते, बसवावयाची नसते. पैसे गेल्यास १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे.

समोरच्या यंत्रावर मी आज सकाळी रेमिंग्टन मांडणीची एक आज्ञावली उतरवून ठेवली आहे. तिला अद्याप अनुमती दिलेली नाही. आपल्यापैकी ज्यांचा हात जुन्या टंकयंत्रावर बसलेला आहे, अशा दोघा-तिघांनी पुढे यावे. प्रथम तिचा ठसा ताडून पाहू, कर्त्याचे नाव वाचू, आणि मग आत घ्यावयाची की नाही, हे आपणच ठरवा.