दगडांवरील काचेचे करंडे

पावसाळा सरून कन्हान नदीचे पाणी निवळले, की उथळ पात्रातील दगडांवर तपकिरी, निसरडा थर चढू लागतो. सौंसर-बोरगावच्या परिसरातील वाटसरूचा पाय त्यावरून घसरला, तर तो शेवाळाला दोष देऊन पुढे जातो. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली मात्र त्या थरात असंख्य एकपेशीय जीव दिसतात. कुंकवाच्या करंड्यास झाकण बसावे, तशी त्यांच्या पारदर्शक कवचाची दोन शकले एकमेकांत बसलेली असतात. म्हणूनच मराठीत डायटमांना ‘करंडक वनस्पती’ हे समर्पक नाव मिळाले आहे.

हे कवच सिलिकेचे, म्हणजे काचेच्याच मूलद्रव्यांचे असते. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कार्बन डायऑक्साइड शोषून सौम्य अम्ल बनते आणि खडकांची झीज करते. त्या झिजेतून बायकार्बोनेट व सिलिसिक अम्ल नदीत उतरतात. पहिल्यातून करंडकास अन्न मिळते, दुसऱ्यातून घर.

कार्बन डायऑक्साइड पाण्यात हवेपेक्षा सुमारे दहा हजार पट मंद गतीने पसरतो. त्यामुळे करंडक बायकार्बोनेटही आत ओढून घेतो, एका एंझाइमच्या साहाय्याने त्याचा पुन्हा वायू करतो आणि सूर्यप्रकाशात त्यापासून शर्करा व तेल निर्माण करतो. पृथ्वीवरील प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाचवा हिस्सा याच वनस्पतींकडून होतो.

तथापि केवळ कर्बावर त्यांचे भागत नाही. सागरी करंडकांत कर्बाच्या १०६ अणूंमागे नत्राचे १६, सिलिकॉनचे सुमारे १५ आणि स्फुरदाचा १ अणू असे सर्वसाधारण प्रमाण आढळते. शेतांतील खते व गावांचे सांडपाणी नत्र आणि स्फुरद वाढवितात. सिलिका त्या मानाने वाढत नाही, उलट धरणांच्या जलाशयांत अडून राहते. सिलिका संपली, की करंडक मागे पडतात व इतर शैवले माजतात. त्यांतील काही नीलहरित शैवले विषारीही असतात. करंडकांवर पोसणाऱ्या कीटकांचे व मत्स्यबीजाचे अन्न मग तुटते.

कोणत्या पाण्यात कोणते करंडक नांदतात, यावरून त्या पाण्याची प्रकृती ओळखता येते. कोल्हापूर परिसरातील करंडकांवरील एच. पी. गांधी यांचा लेख १९५८ साली, तर सरोदे व कामत यांचा महाराष्ट्रातील गोड्या पाण्यातील करंडकांवरील ग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. अशा जुन्या नोंदींशी आजच्या पाण्याची तुलना करता येते. कन्हानचे पाणी वैनगंगा, प्राणहिता व गोदावरी यांच्या वाटेने बंगालच्या उपसागरास मिळते. सौंसरच्या संत्राबागांत टाकलेल्या खताचा हिशेब त्या दूरच्या समुद्रापर्यंत पोहोचतो. त्याची पहिली नोंद मात्र गावाजवळच्या दगडावरच होत असते.