सायकलची वाट कशी आखावी?



सायकलच्या वाटेवर कोणी व्याख्यान द्यावे आणि ते उन्हाळ्याच्या संध्याकाळी चारचौघांनी बसून ऐकावे, याचे कित्येकांना हसू येईल. वाट काय, माणसे चालली की पडते. तिला शास्त्र कशाला? आम्हांलाही पूर्वी असेच वाटत असे. ते वाटणे एका पावसाळ्यात गेले.

काही वर्षांपूर्वी एका गावच्या टेकडीवर मुलांसाठी आम्ही मोठ्या उत्साहाने सायकलवाट काढली. माथा दिसत होता, पायथा दिसत होता. दोहोंमध्ये दोरी धरली आणि सरळ खोदत गेलो. आठ दिवसांत काम फत्ते! मृगाचा पाऊस पडला आणि आमच्या वाटेचा ओहोळ झाला. श्रावणात जाऊन पाहतो तो गुडघाभर घळ पडलेली, आणि मुले घळीच्या कडेने दुसरी वाट पाडून सायकली नेताहेत. पुढच्या वर्षी तीही वाहून गेली. टेकडीवरचा तो ओरखडा अजून भरलेला नाही.

चूक कुठे झाली? वाट सायकलसाठी आखली, पाण्याचा विचारच केला नाही. आज जगभर अशा वाटा बांधणारे लोक एक ढोबळ नियम पाळतात. टेकडीचा जो उतार असेल त्याच्या निम्म्याहून वाटेचा चढ कमी ठेवावयाचा, आणि सरासरीने दहा मीटर चालीला एक मीटरहून अधिक चढावयाचे नाही. वाट उताराला आडवी जावी. तिची दरीकडची कड मीटरभर रुंदीला पाचएक सेंटिमीटर खाली असावी, म्हणजे पाणी वाटेवरून धावत न सुटता वाट ओलांडून निघून जाते. आणखी एक युक्ती अशी की, थोड्याथोड्या अंतरावर वाट किंचित उतरवून पुन्हा चढवावी. साचू पाहणारे पाणी त्या खोलगटात बाहेर पडते, आणि सायकलवाल्याला हेलकाव्याची गंमत मिळते ती वेगळीच.

शेतकरी श्रोत्यांना यात नवे काय, असे वाटेल. खरेच नाही. समपातळी बांध ज्याने घातला त्याने ही विद्या अर्धी हस्तगत केली आहे. 2016 ते 2019 या काळात पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत गावोगावच्या लोकांनी स्वतः समपातळीच्या रेषा आखून चर खणले. तीच रेषा थोडी चढती धरली की वाट झाली.

आता आपल्या सुलतानपुराकडे वळू. येथून लोणार हाकेच्या अंतरावर म्हणता येईल. आपल्या जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा 2022 साली खुला झाला. त्यावर सायकलला मज्जाव आहे, आणि तो असावयासच हवा. तेव्हा तरुण मंडळी म्हणतात, विवराच्या काठावरून थेट सरोवरापर्यंत सायकलची वाट का करू नये? हिशेब मांडून पाहा. काठापासून पाणी सुमारे 135 मीटर खाली. दहास एक या चढाने वळणावळणाची 1350 मीटर वाट लागेल. आतला उतार इतका तीव्र आहे की आमचा निम्म्याचा नियमही सहज पाळला जातो. म्हणजे गणित जमते!

तरीही ही वाट होऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. या सरोवरातून पाणी बाहेर जावयास वाट नाही. काठावरून सुटलेली प्रत्येक घमेलेभर माती शेवटी त्याच्याच पोटात जाणार. भोवती अभयारण्य आहे, 2020 पासून रामसर यादीत नाव आहे. परवानगीवाचून तेथे कुदळ मारता येत नाही, हे झाले कायद्याचे. पण त्याहून मोठी गोष्ट विवराच्या काठाची. हे विवर ज्वालामुखीचे की उल्केचे, हा वाद बरीच वर्षे चालला. 1973 साली शास्त्रज्ञांनी आघाताने बदललेल्या खडकांचा पुरावा मांडला, आणि बसाल्ट खडकातले उल्काविवर म्हणून लोणार जगाला माहीत झाले. त्या स्फोटात उडालेला राडारोडा काठाच्या बाहेर किलोमीटरभराहून दूर पसरला आहे. आपल्याला तो मुरूमच वाटतो. अभ्यासकाला ते पुस्तक आहे. वाटेवर टाकावयास तेथला मुरूम उचलणे म्हणजे पुस्तकाची पाने फाडून चूल पेटवणे होय.

मग सायकल कुठे न्यावी? आमच्या मते उत्तर पांदणीत आहे. शिवारातल्या जुन्या पांदणी एकमेकींना जोडल्या, तर मोटारींच्या रस्त्यावर न जाता लोणारच्या अलीकडे पोचता येईल. अडचण काळ्या मातीची. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात मडगार्ड गच्च भरून चाक अडवते. तेथे कडेला चर काढून वाट उंच घ्यावी, आणि विवरापासून दूरच्या रीतसर खाणीचा मुरूम घालून दाबावा. जमेल तेथे खडकाळ माळच धरावा. विवराच्या अलीकडे सायकली लावून पुढे पायी जावे.

आणि लहान मुलांचे काय? त्यांना लोणारपर्यंत जावयास नकोच. गावाजवळ मोकळ्या गायरानाचा तुकडा ग्रामपंचायतीच्या संमतीने मिळाला, तर मुरमाचे गोल उंचवटे करून फिरती वाट बांधता येते. पायडल न मारता अंग वरखाली केले की सायकल पुढे सरकते. दोन शनिवार-रविवारचे श्रमदान. कडेला चार कडुनिंब मात्र आधी लावावेत. विदर्भाच्या उन्हात सावली नसलेले मैदान दुपारभर ओस पडते.

खोदकाम यंदा सुरू करू नका. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस आला की छत्री घेऊन पांदणीने निघा, आणि पाणी जेथे जेथे वाट ओलांडते तेथे तेथे एकेक खुंटी ठोका. दिवाळीनंतर त्या खुंट्या पाहावयास आम्ही येऊ.