लकॉकच्या बाजूने

मंडळी, अध्यक्षांनी प्रास्ताविकात मेंडेलिव्हचं भरभरून कौतुक केलं. लकॉकचं नावही घेतलं नाही. (हशा) माझं भांडण तिथूनच सुरू होतं.

आवर्तसारणी तुम्ही शाळेत घोकली आहे, ती सोडून देतो. 1871 मध्ये मेंडेलिव्हने अ‍ॅल्युमिनियमखालची जागा मोकळी ठेवली आणि तिथे येणाऱ्याचा अणुभार 68च्या आसपास असेल म्हणाला. निघाला 69.7. कबूल! पण ते मूलद्रव्य, म्हणजे गॅलियम, प्रत्यक्ष हुडकलं कोणी? लकॉक द ब्वाबोद्राँने, 1875च्या ऑगस्टमध्ये. रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्याच साली. लकॉक हा कोन्याकच्या मद्यव्यापारी घरातला माणूस. वर्षानुवर्षं वर्णपटाच्या रेषा मोजत बसलेला. पिरेनीजमधल्या जस्ताच्या खनिजात त्याला दोन जांभळ्या रेषा दिसल्या, आणि त्या कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याच्या नव्हत्या. मेंडेलिव्हचं भाकीत तेव्हा त्याला ठाऊकही नव्हतं!

आता घनतेची गोष्ट. लकॉकने मोजली, 4.7 आली. मेंडेलिव्हने गॅलियम डोळ्यांनी पाहिलेलं नाही, तरी कळवतो की ती 5.9च्या जवळ हवी, तुमचा नमुना अशुद्ध असणार. लकॉकने धातू पुन्हा शुद्ध करून मोजलं. 5.9! (टाळ्या) टाळ्या मेंडेलिव्हला आहेत ना? पहिल्या रांगेतले प्राध्यापक हसताहेत, मला दिसतंय. अहो, शेकडो किलो खनिज उपसून हातात ग्रॅमभर धातू येतो. तो पुन्हा साफ करायला बसणं म्हणजे काय, ते करून बघा. आपली आधीची मोजणी त्याने मोडीत काढली, त्याला टाळी नाही?

असो. ही बाटली बघा. 29.76 अंशांना वितळणारा धातू तळहातावर वितळवून दाखवणार होतो, पण मे महिन्यात तो घरूनच पातळ होऊन आलाय. (हशा) बाटली प्लास्टिकची आहे, कारण गोठताना गॅलियम बर्फासारखं फुगतं. काच तडकली असती. आणि उकळायला मात्र दोन हजार अंशांच्या वर न्यावं लागतं.

हे असं का? अणूत 31 इलेक्ट्रॉन: 2, 8, 18 आणि बाहेर 3. स्फटिकात प्रत्येक अणूचा एकच शेजारी अगदी जवळ, 2.44 अँगस्ट्रॉमवर, बाकीचे सहा 2.7च्या पुढे. नवराबायकोचं घट्ट, सोसायटीशी जेमतेम. म्हणून थोड्या उष्णतेत रचना ढासळते. त्या 18मधले आतले दहा इलेक्ट्रॉन केंद्रकाचा ओढा नीट झाकत नाहीत, त्यामुळे अणू जेमतेम अ‍ॅल्युमिनियमएवढाच राहतो. हा भाग खरं तर अर्धा तास...

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. एलईडी राहिलाच! निळ्या एलईडीला 2014चं नोबेल मिळालं, तो गॅलियम नायट्राइडचा. आणि चीनने 2023च्या ऑगस्टपासून गॅलियमच्या निर्यातीवर परवाना लावला, ते कोणी विचारलं तर प्रश्नोत्तरांत सांगतो.

बाटली बघायला जरूर पुढे या. फक्त अ‍ॅल्युमिनियमची काठी किंवा मोबाइल लांब ठेवा. थेंब पडला तर लगेच काही दिसत नाही. तो धातूच्या कणाकणांमधल्या फटींत शिरतो, आणि नंतर काठी हाताने मोडते. लकॉकबद्दलचे प्रश्न आधी घेईन, मेंडेलिव्हवाल्यांनी रांगेत मागे थांबावं. (हशा)