परोपजीवी आदिजीव आणि रक्तातील हीम
(आरोग्य शिक्षण शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डॉ. रोनाल्ड रॉस एका डासाचे जठर सूक्ष्मदर्शकाखाली तपासीत होते. त्या डासास चार दिवसांपूर्वी हुसेन खान नावाच्या हिवतापी रुग्णाचे रक्त पाजण्यात आले होते. जठराच्या भित्तीत त्यांस गोल पेशी आढळल्या व त्या पेशींत काळे कण दिसले. रुग्णाच्या रक्तातील परजीवीतही असेच कण असतात हे ठाऊक असल्यामुळे त्यांस त्या पेशींची ओळख पटली. हे काळे कण म्हणजे परजीवीने टाकून दिलेले हीम होय.

हीम म्हणजे चार लहान वलयांचे मिळून झालेले एक मोठे वलय आणि त्याच्या मध्यभागी बसलेला लोहाचा अणू. हे वलय पॉर्फिरीन वर्गातील होय. रक्तातील हिमोग्लोबीन प्राणवायू धरून ठेवते ते या लोहाच्या बळावर. पेशींच्या श्वसनासही हीम लागते. आपले शरीर ते ग्लायसीनसारख्या साध्या द्रव्यापासून आठ पायऱ्यांनी घडविते व प्रत्येक पायरीस स्वतंत्र विकर असते.

आता परजीवींची स्थिती पाहा. आफ्रिकेतील निद्रारोगाच्या ट्रिपॅनोसोमाजवळ या आठांपैकी एकही विकर नाही. काळा आजार उत्पन्न करणाऱ्या लीशमॅनियाजवळ पहिली पाच नाहीत, शेवटची तीन आहेत; आणि त्यांची जनुकेही पूर्वी केव्हातरी जीवाणूंकडून आलेली आहेत असे त्यांच्या घडणीवरून दिसते. अर्थात हीम वा त्याचा अर्धवट घडलेला भाग यजमानाकडून मिळाल्यावाचून त्याचे चालत नाही. प्रयोगशाळेत हे जीव वाढवावयाचे तर पोषकद्रव्यात रक्त अथवा हेमिन घालावे लागते. फ्रान्सच्या आंद्रे ल्वॉफ यांनी या गरजेचा अभ्यास १९३० नंतरच्या दशकात केला होता. शिक्षकांस आणखी एक गोष्ट मौजेची वाटेल. या जीवांचे काही भाऊबंद कीटकांच्या आतड्यात राहतात आणि स्वतःच्या पेशीत एक जीवाणू बाळगतात. त्यांस हीम बाहेरून द्यावे लागत नाही. प्रतिजैविकाने तो जीवाणू नाहीसा केला की मात्र त्यांसही हीम पुरवावे लागते.

हिवतापाच्या परजीवीची गोष्ट याहून चमत्कारिक. तो तांबड्या पेशीत बसून हिमोग्लोबीन खातो, त्यामुळे हिमाचा त्याच्यापुढे ढीग पडतो. मोकळे हीम विषारी असल्याने तो त्याचे स्फटिक बनवून ठेवतो; रॉस यांनी पाहिलेले कण ते हेच. क्लोरोक्वीन हे औषध नेमके हे स्फटिकीकरण रोखते व परजीवी त्याच्याच उष्ट्याने मरतो. इतके हीम समोर असूनही त्याच्याजवळ आठही पायऱ्या शाबूत आहेत. त्या कशासाठी? २०१३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील गोविंदराजन पद्मनाभन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या हिवतापावर प्रयोग करून दाखविले की, रक्तात असताना या पायऱ्यांवाचून परजीवीचे अडत नाही. डासात आणि यकृतात मात्र अडते. तेथे त्यास आयते हिमोग्लोबीन मिळत नाही हे ध्यानी घेतले म्हणजे याचा उलगडा होतो.

ग्रामस्थांच्या दृष्टीने यकृताची बाजू महत्त्वाची आहे. व्हायवॅक्स जातीचा परजीवी यकृतात सुप्त राहतो आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा रक्तात उतरतो. क्लोरोक्वीनच्या तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप जातो, परंतु त्यांचा परिणाम रक्तापुरताच. यकृतात लपलेल्यांवर तो होत नाही. त्यांकरिता प्रायमाक्वीन चौदा दिवस घ्यावयाचे असते. ताप उतरला म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी पुडी फळीवर ठेवून देण्याचा प्रघात सर्वत्र आहे, आणि मग तोच ताप परतला की नव्या डासास दोष दिला जातो. गर्भवती स्त्रियांस, तान्ह्या मुलांस आणि जी-सिक्स-पीडी या विकराची उणीव असलेल्यांस हे औषध देत नाहीत, कारण त्या उणिवेत तांबड्या पेशी फुटतात; म्हणून या गोळ्या दुसऱ्याच्या पुडीतून न घेता रक्त तपासून आरोग्य केंद्रातूनच घ्याव्यात.